चुकांचे गठ्ठे

धाकट्या बाईंचं गुणांशी पहिल्यापासून वाकडं होतं. गणित शिकवणाऱ्या बाईचं गुणांशी वाकडं असावं हे ऐकायला विचित्र वाटेल, पण होतं खरं. एखादा पालक कौतुकानं सांगायला यायचा, "बाई, आमच्या पोराला दहापैकी सहा पडले," की या म्हणायच्या, "सहा आले ते राहू द्या हो. चार कुठे गेले ते बघितलंत का?" पालक बिचारा एवढंसं तोंड करून निघून जायचा. बाईंना मागाहून वाईट वाटायचं, पण तोवर बोलून झालेलं असायचं. त्यांच्या जिभेला हाड नाही, असं त्यांच्या नवऱ्याचं म्हणणं होतं, आणि निदान या एका बाबतीत नवऱ्याचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं.

परीक्षा संपली की इतर शिक्षक पेपर तपासायचे, गुण मांडायचे आणि सुटायचे. धाकट्या बाईंचं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. तपासलेले पेपर पिशवीत भरून त्या घरी आणायच्या, पलंगावरची चादर ओढून नीट करायच्या आणि गठ्ठे लावायला बसायच्या. जास्त गुणांचे वर आणि कमी गुणांचे खाली, असे नाहीत. चुकांचे गठ्ठे. शून्य गाळणारे भिंतीकडे, हातचा विसरणारे पायथ्याशी, गणित न वाचता नुसते आकडे दिसले की बेरीज ठोकून देणारे उशीपाशी. एक गठ्ठा असायचा 'शेजाऱ्यांचा', म्हणजे शेजारच्याची चूक काना-मात्रेसकट उतरवून घेणाऱ्यांचा. नवरा कामावरून दमून यायचा, पलंगाकडे बघायचा आणि विचारायचा, "आज मी कोणत्या चुकीवर झोपू?"

दुसऱ्या दिवशी वर्गात एका गठ्ठ्याची पोरं एका बाकावर बसायची. हुशार आणि ढ अशी विभागणी त्यांना ठाऊकच नव्हती. बाई प्रत्येकाशेजारी जाऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "कसं केलंस ते मला सांग." पोरगं सांगायचं. आणि गंमत अशी, की सांगायला लागलं की त्या चुकीलाही काहीतरी अक्कल असायची. पोरगं कुठल्या वळणावर चुकलं ते कळलं की त्याला परत आणायला वेळ लागत नाही, असं बाई म्हणायच्या. त्यांचा वर्ग तिसरीचा, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. त्यांनाही ते माहीत होतं. थोडं जास्तच माहीत होतं म्हणा ना.

त्यांना धाकट्या बाई म्हणत, कारण शाळेत मोठ्या बाईही होत्या. मोठ्या बाई म्हणजे त्यांची सख्खी जाऊ. दोघी एका घरात राहत, एका रस्त्यानं शाळेत जात आणि एकाच डब्यातलं जेवत. मोठ्या बाई दुसरीला शिकवत, चार नंबरच्या खोलीत. इतकी वर्षं त्याच खोलीत, की आता पोरांचे बाप येऊन सांगायचे, "बाई, मीपण याच बाकावर बसायचो." थोरले दीर गेले तेव्हा मोठ्या बाई तेराव्या दिवशी शाळेत हजर झाल्या होत्या. पदरी मूलबाळ नाही, नवराही राहिला नाही. "घरी बसून भिंतींना पाढे शिकवू का?" असं त्यांनी तेव्हा सगळ्यांचं तोंड बंद केलं होतं.

धाकट्या बाई बाई झाल्या त्याही या जावेमुळेच. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचं शिक्षण अर्धवट सुटलं होतं, आणि सासूबाईंना दुसरी मास्तरीण घरात नको होती. मोठ्या जावेनं दोघींच्या वाटचं स्वयंपाकघर अंगावर घेतलं आणि हिला पुन्हा पुस्तकं आणून दिली. पहिल्या खेपेला ही नापास झाली आणि तोंड लपवून रडत बसली, तेव्हा थोरलीनं पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "पेपर आण इकडे. काय चुकलंय ते बघू." म्हणजे गठ्ठ्यांचं मूळही तिथलंच.

पुढे वरच्या कार्यालयातून नवी योजना आली. प्रत्येक चाचणीचे निकाल मांडायचे, कुठल्या वर्गात काय कच्चं आहे ते शोधायचं आणि त्याप्रमाणे शिकवणं सुधारायचं. ती समजावून सांगायला एक तरुण साहेब आले. माणूस सज्जन होता, आवाज चढवत नव्हता, चहाचा कप स्वतः विसळून ठेवत होता. पण त्यांच्या तक्त्यांत हिरवा, पिवळा आणि तांबडा हे तीनच रंग असायचे, म्हणून शिक्षकांनी पाठीमागे त्यांचं नाव 'रंगारी' ठेवलं. मुख्याध्यापकांचं नाव आधीच 'होसर' होतं. साहेब वाक्य संपवायच्या आत ते 'हो सर' म्हणून मोकळे व्हायचे.

रंगारी साहेबांनी धाकट्या बाईंचे गठ्ठे बघितले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. "बाई, अहो, हेच तर आम्हाला हवंय. तुम्ही सगळ्या शाळेचं करा ना." होसर म्हणाले, "हो सर."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या गठ्ठ्यांना कुणी वेड म्हटलं नव्हतं. बाई त्या दिवशी घरी आल्या त्या जमिनीपासून वीतभर वर चालत. मोठ्या बाईंना सांगितलं, तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "चांगलं झालं. आता सगळ्या शाळेच्या चुका तुझ्या पलंगावर. भाऊजींना माझ्या खोलीत गादी घालून देऊ." दोघी पोटभर हसल्या. पुढं काय वाढून ठेवलंय याची तेव्हा कुणाला कल्पना होती?

पहिल्या चाचणीनंतर बाईंनी तिसरीचे सगळे पेपर लावले, आणि एक गठ्ठा काही थांबेना. वजाबाकीचा. बावन्नातून अडतीस वजा करायचे, तर उत्तर सव्वीस. दोनातून आठ जात नाहीत म्हणून दशकाकडून उसना घ्यायचा, तो पोरं घेतच नव्हती. आठातून दोन काढत होती. वर असो खाली असो, मोठ्यातून लहान काढायचा आणि मोकळं व्हायचं. ही चूक जगातलं प्रत्येक पोरगं एकदा तरी करतंच. पण ती दुसरीत पकडली जाते, आठवड्या-दोन आठवड्यांत सुटते. इथं तिसरीतली पोरं ती बिनधास्त करत होती, न खोडता, न अडखळता, ठळक अक्षरात. बाईंनी त्या पेपरांवरची नावं काढली. एखाद-दुसरं सोडलं तर सगळी चार नंबरच्या खोलीतून वर आलेली.

काही पोरांना त्यांनी दुसरीच्या जुन्या वह्या आणायला सांगितल्या. वह्या आल्या. पानोपानी तीच चूक, आणि प्रत्येक चुकीच्या कडेला मोठ्या बाईंच्या हातची लाल, डौलदार बरोबरची खूण. खाली 'छान'.

आता इथं बाईंनी जे करायला हवं होतं ते एखाद्या आठ वर्षांच्या पोराच्या बाबतीत त्यांनी डोळे मिटून केलं असतं. शेजारी जाऊन बसल्या असत्या आणि विचारलं असतं. ते त्यांनी केलं नाही. जाऊ पलीकडच्या खोलीत होती, मधे फक्त एक पडदा होता, आणि बाई या बाजूला बसून मनातल्या मनात तिच्यावर चिडत राहिल्या. थोरलीला आता कंटाळा आलाय. न बघता खुणा मारतेय. पोरांच्या जन्माचं नुकसान, आणि मला मात्र आयुष्यभर उपदेश. राग एकदा आला की त्याला कारणं आपोआप सापडतात. बाईंनाही सापडली. आणि राग होता, तसा थोडा मोठेपणाही होता. आपल्या पद्धतीनं एवढी मोठी गोष्ट हुडकली, ती दाबायची म्हणजे पद्धतीशीच बेइमानी, असंही त्यांनी स्वतःला समजावलं.

अहवालात त्यांनी कुणाचं नाव घातलं नाही. 'खोली क्रमांक चार : वजाबाकीतील मूळ चूक दुरुस्त झालेली नाही. वह्यांच्या तपासणीत हलगर्जीपणा दिसतो.' नाव नाही घातलं याचं त्यांना समाधानही वाटलं. चार नंबरच्या खोलीत कोण बसतं हे शाळेतल्या मांजरालासुद्धा माहीत होतं, ही गोष्ट त्या सोयीनं विसरल्या.

बैठकीत रंगारी साहेबांनी तक्ता भिंतीवर लावला. चार नंबर तांबडा. त्यांनी वाक्य वाचून दाखवलं आणि शांतपणे विचारलं, "यावर कुणाला काही सांगायचंय?" सगळ्यांच्या माना मोठ्या बाईंकडे वळल्या. मोठ्या बाई भिंतीकडे बघत होत्या, जराशा तिरक्या. मग म्हणाल्या, "माझी चूक झाली. हयगय झाली." बस, एवढंच. जिनं आयुष्यात कुणाचं अर्धं वाक्य ऐकून घेतलं नाही, तिनं निमूटपणे कबूल केलं. धाकट्या बाईंना वाटलं होतं, ती भांडेल, निदान घरी येऊन तरी भांडेल. तिनं तेही केलं नाही. चार दिवसांनी तिला मेमो मिळाला. शिपायानं सही करायची तिथं बोट ठेवलं, तिनं सही केली.

त्या दिवशी शाळेतून आल्यावर मोठ्या बाईंनी धाकटीला आपल्या खोलीत हाक मारली. खिडकीशी उभ्या होत्या, हातात तो कागद. "हे काय लिहिलंय? वाच जरा."

धाकट्या बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. हा टोमणा आहे असं त्यांना वाटलं. आपलंच वाक्य आपल्याच तोंडून वदवून घ्यायचं, दुसरं काय. "ताई, टोचून बोलायचं असेल तर सरळ बोला. वाचा ना तुम्हीच."

"वाचता आलं असतं तर तुला कशाला सांगितलं असतं?"

मोठ्या बाई पलंगाच्या कडेवर बसल्या आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मधोमध काही दिसत नाही मला. कडेचं दिसतं. दार दिसतं, बाक दिसतो, तू उभी आहेस ते दिसतं. पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसून जातं. अक्षर तर गेलंच. मागच्या वर्षापासून."

"डॉक्टरला..."

"जाऊन आले. एकटीच गेले. तो म्हणाला, आहे तेवढं सांभाळा, गेलेलं येणार नाही."

"आणि वह्या?"

"पोरं उत्तर मोठ्यानं सांगतात, ते ऐकते. फळ्यावर शिकवायला मला डोळे लागत नाहीत. वह्या..." त्यांनी चष्म्याची काडी मिटली. "हुशार पोरं ओरडतात बरोबर उत्तर, बाकीची त्यांच्या आवाजात आवाज मिसळतात. मला वाटायचं सगळ्यांना येतंय. म्हणून खुणा करत गेले. पान चाचपायचं, कडेला खूण करायची."

धाकट्या बाईंनी तो कागद तिच्या हातातून ओढून घेतला. "मग बैठकीत हयगय झाली म्हणून का सांगितलंत? आळशी ठरलात सगळ्यांपुढे!"

"आळशी बाईला मेमो देतात. न दिसणाऱ्या बाईला घरी पाठवतात." हे त्या अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, बाजारातला भाव सांगावा तसं. "मला घरी नाही बसायचं ग. माझं दुसरं आहे काय?"

मग चष्मा पुन्हा चढवून म्हणाल्या, "तू पोरांच्या शेजारी जाऊन बसतेस. मधे एक पडदा होता आपल्या. तेवढा सारून यायचं होतंस."

धाकट्या बाई त्यांच्या पायाशी बसून रडल्या. हुंदके आवरेनात. नवरा दारात येऊन बघून गेला; त्याला वाटलं, जावाजावांचं काहीतरी असेल, त्यात आपण न पडलेलं बरं.

त्यानंतर दोघींनी मिळून एक उद्योग सुरू केला. चार नंबरच्या वह्या पिशव्यांतून घरी यायला लागल्या. शाळा सुटल्यावर, दिवेलागणीच्या आत, दोघी मागच्या खोलीत बसायच्या. धाकटी वही उघडायची आणि वाचायची: नाव, गणित, पोरानं काय लिहिलं. थोरली ऐकायची. "पुन्हा सांग. पंचेचाळीसातून सत्तावीस बावीस? म्हणजे उसना घेत नाही. आणि पुढचं?" दुसऱ्या दिवशी ती वर्गात त्या पोराला आवाजावरून ओळखून जवळ बोलवायची आणि कालची त्याची चूक त्यालाच तोंडपाठ सांगायची. पोरं चाट पडायची. बाईंच्या डोक्यात अख्खा वर्ग असतो, अशी त्यांची खात्री झाली.

एक मुलगी होती, गणित करताना ओठांतल्या ओठांत सतत काहीतरी पुटपुटणारी. दोघी तिला घरात पुटपुटी म्हणायच्या. तिचं उसन्याचं गाडं काही केल्या हलेना. मोठ्या बाईंनी तिला पुटपुटू नकोस म्हणायचं सोडून उलट सांगितलं, "मोठ्यानं पुटपुट. मला ऐकू दे." आणि ऐकता ऐकता त्यांना कळलं, की ती उसना घेते, पण ज्याच्याकडून घेतला त्याचा एक कमी करायला विसरते. धाकट्या बाईंनी पुटपुटीचा पेपर दोन वेळा उलटसुलट करून पाहिला होता, तरी त्यांच्या गठ्ठ्यांत ही गोष्ट आली नव्हती.

खरं सांगायचं तर त्या काही महिन्यांत चार नंबरच्या खोलीत जसं शिकवणं झालं, तसं त्या शाळेत आधी कधी झालं नसेल. एकीचे डोळे, दुसरीचे कान, आणि दोघींची जीभ तर आधीपासूनच तिखट. धाकट्या बाईंना अपराध विसरायला एवढं काम पुरत होतं. त्या मधूनच म्हणायच्या, "ताई, साहेबांना सांगून टाकू का? काहीतरी सोय करतील." थोरली म्हणायची, "तुझ्या साहेबाकडे तीन रंग आहेत. त्यात माझा कुठला?" यावर धाकटी पुढची वही उघडायची. काही करून उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत निभावून न्यायचं आणि मग पुढचं बघायचं, असं दोघींनी ठरवलं होतं.

सहामाहीचा निकाल आला. चार नंबरची खोली तांबड्यातून थेट हिरव्यात गेली. साऱ्या भागात इतकी उडी कुणीच मारली नव्हती. रंगारी साहेब स्वतः आले, सोबत वरचे दोन अधिकारी घेऊन. मेमो दिल्यावर शिक्षक कसा सुधारतो याचं हे उदाहरण म्हणून त्यांना इतर शाळांत सांगायचं होतं. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. होसर तीनदा 'हो सर' म्हणाले. धाकट्या बाईंच्या अंगाची लाही लाही झाली, पण काय बोलणार? बोलायला तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर पडलं असतं.

साहेब म्हणाले, "मोठ्या बाई, तुम्ही नेमका काय बदल केलात ते सगळ्यांना सांगा."

याची तयारी दोघींनी केली होती. मोठ्या बाई उभ्या राहिल्या आणि छान बोलल्या. पोराची चूक आधी पोराच्या तोंडून ऐकावी, असं काहीसं. अधिकारी माना डोलावत होते. धाकट्या बाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात साहेबांना काय सुचलं कोण जाणे. चांगुलपणानंच सुचलं असणार, बाईंचा मान वाढवावा म्हणून. त्यांनी टेबलावरची लांब पट्टी उचलली आणि मोठ्या बाईंच्या हातात दिली. "या इकडे. तुमची खोली तक्त्यावर तुम्हीच दाखवा."

धाकट्या बाई अर्ध्या उठल्या. "मी दाखवते ना सर—"

"अहो, त्यांचा दिवस आहे. त्यांना दाखवू द्या."

मोठ्या बाई भिंतीपाशी गेल्या. मान एका बाजूला कलती केली, जसं त्या हल्ली करायच्या, आणि पट्टी टेकवली. तक्त्याशेजारी तासांचं वेळापत्रक टांगलेलं होतं. पट्टी त्याच्यावर टेकली. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. साहेबही हसले. "बाई, जरा डावीकडे." पट्टी डावीकडे सरकली, आणि तक्ता ओलांडून मोकळ्या भिंतीवर गेली. "उजवीकडे... नाही, खाली." पट्टी खाली आली. आता कुणी हसत नव्हतं.

धाकट्या बाई धावत पुढे गेल्या आणि जावेचं मनगट धरून पट्टी योग्य जागी न्यायला लागल्या. मोठ्या बाईंनी हात सोडवून घेतला. पट्टी टेबलावर ठेवली आणि वळून म्हणाल्या, "मला दिसत नाही, सर. वर्ष झालं. वह्या ही माझी जाऊ तपासते. पोरांना शिकवते मी." मग जागेवर जाऊन बसल्या, जणू वर्गातला एखादा तास संपला.

पुढचं सगळं शांतपणे झालं. तसं ते शांतपणे झालं हेच जास्त वाईट. कुणी ओरडलं नाही, कुणी अपमान केला नाही. रंगारी साहेबांच्या डोळ्यांत तर पाणी आलं होतं. पण त्यांनी नियम बघितला, आणि नियमात दोन बायकांनी मिळून एक बाई होण्याची सोय नव्हती. चार नंबरचा निकाल ग्राह्य धरता येणार नाही असं ठरलं. पोरं तीच, उत्तरं तीच, पण तक्त्यावरून चार नंबरचा रंगच काढून टाकला. मोठ्या बाईंना आठवड्याच्या आत मोकळं केलं. मुलांची निम्मी-निम्मी वाटणी करून ती शेजारच्या दोन खोल्यांत बसवली, बाकाला तिघं होती तिथं चौघं. आणि धाकट्या बाईंना मेमो मिळाला, माहिती दडवल्याबद्दल. त्यांच्याकडचं निकालांचं काम काढून घेतलं. पेपर किंवा वह्या यापुढे कुणीही घरी न्यायच्या नाहीत, अशी सूचना लागली. सही कुठे करायची ते शिपायानं याही वेळी बोट ठेवून दाखवलं.

नवऱ्याला आता पलंग मोकळा मिळतो. तो बिचारा त्यावर काही विनोद करत नाही.

मोठ्या बाई घरी असतात. सकाळी सवयीनं लवकर उठतात, तयार होतात, साडी नीट चोपून नेसतात, आणि मग खिडकीशी बसतात. सुरुवातीला त्यांनी शाळेचा विषयच काढला नाही. धाकट्या बाईही काढत नसत. दोघी भाजीबद्दल बोलायच्या, पाण्याबद्दल बोलायच्या, शेजाऱ्यांच्या नव्या दरवाज्याबद्दल बोलायच्या.

एक दिवस संध्याकाळी धाकट्या बाई शाळेतून आल्या, हातपाय धुतले आणि चहा टाकला, तेव्हा थोरलीनं विचारलं, "पुटपुटी कुठल्या खोलीत गेली?"

"पाच नंबरच्या."

"उसना घेतल्यावर कमी करते का आता?"

"माहीत नाही, ताई. माझ्याकडे नाही ती. तिची वही मला बघता येत नाही."

"तिथल्या बाई तपासतात ना वह्या?"

"तपासतात की. त्यांचे डोळे चांगले आहेत." हे तोंडातून गेलं आणि धाकट्या बाईंनी जीभ चावली. मग सावरून म्हणाल्या, "चुकलं तिथं फुली मारतात. गुण देतात. पुटपुटीला परवा चार पडले म्हणे. आणि वर्गात पुटपुटायचं नाही, अशी ताकीद आहे."

चहा उतू जायला आला, तो धाकटीनं खाली उतरवला, गाळला, आणि कप नेऊन थोरलीच्या हाताला लावला. थोरलीनं तो धरला, पण प्यायली नाही.

"मला दिसत नव्हतं," ती म्हणाली, "तेव्हा निदान तिचं कुणीतरी ऐकत होतं."

धाकट्या बाई शेजारी बसल्या. दोघींचा चहा तसाच निवून गेला.